टीव्हीवर किशोरीताई लागल्या होत्या, आता बाबांना पुढे काय ऐकवू? (ठाणे-नवी मुंबईकर, सांगा)

ऐरोलीकर
मंडळी, जरा मदत हवीये. बाबा ७६ वर्षांचे, बायपास झाल्यापासून घरातच असतात, मीच बघते त्यांचं सगळं. परवा रात्री टीव्हीवर जुन्या मैफलींच्या कार्यक्रमात किशोरी आमोणकर लागल्या, मांडीवर स्वरमंडल, डोळे मिटलेले, 'सहेला रे'. बाबांनी माझ्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज मोठा केला. इतक्या महिन्यांत स्वतःहून काही केलं ते हेच. आणि नेमकी जाहिरात लागली हो, संपेपर्यंत पुढचा सतारवाला सुरू झाला होता. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. काय लावू? इकडे जवळ मैफली कुठे होतात?

वाशीकाका
भीमसेनजींचे अभंग लावा, डोळे मिटून.

घोडबंदर_तंबोरा
काका, अभंग लावावेतच, पण 'सहेला रे' भूप रागातलं, त्यांचं मन भूपावर बसलंय ना, मग तोच धरू. ताई, दहा जणांची यादी नका करू, एकच राग घ्या. टीव्हीवर दहा मिनिटं मिळतात, त्यात आवाज कळतो, राग उलगडायला वेळ लागतो. आधी 'सहेला रे' अख्खं ऐकवा, आणि किशोरीताई फिरून फिरून गंधारावर, म्हणजे 'ग'वर, कशा येऊन विसावतात तेवढंच बघा. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत, पाचच स्वर, सा रे ग प ध. मग देसकार लावा. तेच पाच स्वर, पण मान धैवताला, म्हणजे 'ध'ला, त्यामुळे सगळी चालच बदलते, भूप संध्याकाळचा तर देसकार सकाळचा. मला हे कळायला दोन वर्षं लागली आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी रडलो होतो, खरंच सांगतो.

कोपरखैरणे_बासरी
वाद्यं आवडत असतील तर 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ ची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादजींची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस आहे, आणि त्यातही भूप आहे बरं का! दुपारी मंद आवाजात लावा.

वाशीकाका
मैफलीचं म्हणाल तर ठाण्यात महापालिकेचा पं. राम मराठे महोत्सव असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. आमच्याकडे वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह, तिथले कार्यक्रमही बघत राहा. पण एवढा वेळ एका जागी बसवू नका त्यांना, कडेची खुर्ची घ्या आणि मध्यंतराला निघा. तोवर घरी डीडी भारती, आणि यूट्यूबवर प्रसार भारती आर्काइव्हज, तिथे दूरदर्शनची जुनी रेकॉर्डिंग मिळतात.

ऐरोलीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच 'सहेला रे' अख्खं लावलं. गंधार कुठला ते मला नाही ओळखता आला, पण बाबांची बोटं पांघरुणावर चालू होती आणि एका जागी ते "हां" म्हणाले, मोठ्यांदा. देसकार उद्या सकाळी सातला लावते, चहाच्या वेळी. कोणाचा लावू तेवढं सांगा.