टोल्युइन भरताना बादलीच्या कडीपाशी ‘चट्’ झालं, मनावर घ्यावं का?

दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. एका छोट्या ॲडहेसिव्हच्या (चिकटाच्या) कारखान्यात तीन महिन्यांपासून दुसरी पाळी बघतोय. आधी पॅकिंगला होतो, त्यामुळे केमिकलमधलं फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो.

आमच्याकडे टोल्युइन (चिकट पातळ करायचं, पटकन पेटणारं द्रव) २०० लिटरच्या लोखंडी ड्रममधून येतं. ड्रम घोडीवर आडवा ठेवायचा, बुचाच्या जागी कॉक बसवायचा, २० लिटरच्या प्लॅस्टिकच्या बादलीत काढायचं आणि मिक्सरपर्यंत उचलून न्यायचं. गंजाचे कण येऊ नयेत म्हणून कॉकच्या तोंडाला नायलॉनचं कापड बांधलेलं असतं. ड्रमला अर्थिंगची वायर आहे, क्लिप न चुकता लावतो.

परवा बादली भरत आली होती. हाताखालच्या पोराने तिच्या तारेच्या कडीला हात घातला आणि ‘चट्’ असा आवाज झाला. बोटाला झिणझिणी आली म्हणाला. पेटलं काही नाही. बाकीचे हसले, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मालक म्हणतात, “अर्थिंग आहे ना? मग झालं.”

एवढ्याशा ठिणगीने खरंच पेट घेतं का? आणि अर्थिंग असताना ठिणगी आलीच कशी? अजून एक, वेल्डर रिकामे ड्रम मागतोय, मधोमध कापून कचऱ्यासाठी करून देतो म्हणतो. द्यावेत का?

जुना_ऑपरेटर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. वेल्डर आज आला तर फाटकावरूनच परत पाठवा.

कारण ऐका. टोल्युइन जळतं म्हणजे त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. हे प्रमाण साधारण १.१ ते ७.१ टक्के. त्याखाली वाफ अपुरी पडते, त्यावर गेलं की हवा अपुरी पडते. आता बंद ड्रममध्ये द्रवाच्या वर जी पोकळी असते, तिथे २० अंशांना वाफ किती? जवळपास ३ टक्के. म्हणजे ऐन पट्ट्यात. पेट्रोलच्या टाकीत एरवी वाफ इतकी दाट असते की आतल्या आत सहसा पेट घेत नाही. टोल्युइनकडून ती सवलत नाही. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ सुटते ते, ४ अंश. तिथपासून पस्तीसेक अंशांपर्यंत, म्हणजे माणूस ज्या हवेत काम करतो त्या बहुतेक सगळ्या हवेत, ती पोकळी पेटायला तयार बसलेली असते. भरलेल्या ड्रममध्ये ती थोडीशीच, रिकाम्यात पूर्ण दोनशे लिटर. आणि एवढी पोकळी पेटती करायला तळाशी दोन-चार चमचे राहिले तरी पुरतात.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी एकाने ‘धुतलेला’ ड्रम कापायला घेतला. पाण्याने धुतला होता. टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ड्रमचं तोंडाकडचं ताट उडालं ते शेडच्या पत्र्यात जाऊन रुतलं. गडी बाजूला उभा होता म्हणून वाचला, भुवयांवर भागलं. मी निवृत्त झालो तेव्हाही तो पत्रा तसाच फाटका होता.

आता ठिणगी. टोल्युइनची वाफ पेटायला पाव मिलिजूलच्या आसपास ऊर्जा लागते. बोटाला जाणवणारी ठिणगी बहुतेक वेळा त्याहून मोठीच असते. पोराला झिणझिणी आली म्हणता, यातच तुमचं उत्तर आलं. त्या क्षणी कडीपाशी वाफेचं प्रमाण जमलं नसेल, एवढंच.

अर्थिंग ड्रमला आहे हो, बादलीला कुठे आहे? प्लॅस्टिकला क्लिप लावून काही होत नाही. टोल्युइनही वीज जवळपास वाहू देत नाही, त्यामुळे कॉकमधून घासत येताना त्यावर जो विजेचा भार (स्टॅटिक) चढतो तो बादलीत तसाच बसून राहतो. वर ती कडी, प्लॅस्टिकच्या दोन भोकांत लटकलेली लोखंडी तार. तिच्यावर भार जमतो आणि त्याला उतरायला वाट नाही. पोराचं बोट जवळ आलं, वाट मिळाली.

आणि ते नायलॉनचं कापड! तुम्ही ओघात लिहून गेलात, मी खुर्चीतून उठलो. गाळणीच्या धाग्याधाग्याला द्रव घासतो, नुसत्या पाइपापेक्षा कितीतरी पट भार चढतो. ते आजच काढा. गाळायचंच असेल तर बंद लाइनमध्ये अर्थ केलेली धातूची जाळी बसवा, आणि जाळीनंतर भार उतरायला निदान ३० सेकंद मिळतील अशी रचना करा.

बादलीच्या जागी धातूचा कॅन आणा, आपोआप मिटणाऱ्या झाकणाचा. कॅन आणि ड्रम वायरने एकमेकांना जोडायचे, कॉक उघडायच्या आधी. वायर काढायची ती कॉक बंद करून थोडं थांबल्यावर, सगळ्यात शेवटी. धार वरून पडू द्यायची नाही, नळी कॅनच्या तळापर्यंत सोडायची. नळीचं तोंड बुडेपर्यंत अगदी हळू, सेकंदाला एक मीटरच्या आत.

राहिली ती क्लिप. न चुकता लावता, पण कशावर लावता? मी स्वतः अकरा वर्षं ड्रमच्या काठाला क्लिप लावत होतो. एकदा इलेक्ट्रिशियन सहज मीटर घेऊन आला. क्लिपचा एक जबडा रंगावर, दुसरा वाळलेल्या चिकटाच्या थरावर. मीटरचा काटा हलेना. अकरा वर्षं मी ड्रमला ती वायर दागिन्यासारखी घालत होतो! टोकदार स्क्रूचा क्लॅम्प घ्या, रंग फोडून लोखंडाला भिडणारा, आणि मीटरने बघा. १० ओहमच्या आत यायला हवं.

वीस_वर्षं_झाली

काका, एवढं घाबरवू नका. आम्ही वीस वर्षं प्लॅस्टिकच्याच बादलीने काढतोय. हवा दमट असली की स्टॅटिक होतच नाही.

जुना_ऑपरेटर

दमट हवेने कपड्यांवरचा, बादलीच्या अंगावरचा भार लवकर उतरतो, मान्य. पण पाइपातल्या द्रवाला बाहेरची हवा लागते कुठे? तो कोरडाच घासला जातो. राहिलं वीस वर्षांचं. ज्याच्या भुवया गेल्या तोही कित्येक वर्षं ड्रमच कापत होता.

लॅबमधली_ताई

काकांनी आगीचं सगळं सांगितलं, मी श्वासाचं सांगते. दादा, तुमच्याकडे गॅस मीटर असेल तर तो बहुधा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या टक्क्यांत आकडा दाखवतो. पुष्कळ ठिकाणी अलार्म १० वर लावलेला असतो आणि तो वाजला नाही म्हणजे हवा चांगली, असं लोक धरून चालतात. हिशेब करा. ही मर्यादा १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), त्याचे १० टक्के १,१०० पीपीएम. अमेरिकेतली नायॉश ही संस्था टोल्युइनसाठी ५०० पीपीएमलाच जिवाला तत्काळ धोका मानते. आठ तासांच्या पाळीसाठी एसीजीआयएच या तिथल्याच कामगार-आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस २० पीपीएमची आहे. म्हणजे अलार्म गप्प असतानाच माणूस गरगरून पडू शकतो.

नाकावर विसंबू नका. थोड्या वेळाने वास येईनासा होतो, वाफ तिथेच असते. पाळी संपताना डोकं जड होतं, चिडचिड होते, ती दमणुकीची असेलच असं नाही. गोंगाटात काम करणाऱ्यांच्या कानांवर टोल्युइनचा वेगळा परिणाम होतो, हे तर फार कमी लोकांना माहीत असतं.

पंखा छताला लावला असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. ही वाफ हवेच्या तिपटीहून जड, जमिनीलगत सरकते, खड्ड्यात आणि गटारात साचते, लांबच्या साध्या मोटरपर्यंत पोचून पेटते आणि आग उलट्या पावली ड्रमपर्यंत येते. ओढून घेणारं तोंड खाली हवं.

हातमोजे पातळ नायट्राइल रबराचे असतील तर काही मिनिटांतच टोल्युइन आरपार जातं. व्हायटॉन या खास रबराचे मिळवा. आणि पाळी सुटताना हाताचा चिकट काढायला कुणी टोल्युइनने हात धूत असेल (असतंच कुणीतरी!) तर ते आधी थांबवा.

दुसरी_पाळी

दोघांचे आभार. काल मालकांना उभं करून मीटर लावलं. आमची क्लिपही रंगावरच होती, मीटर तार तुटल्यासारखा, काही जोडलेलंच नाही असं दाखवत होता. मालक काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्क्रूचे क्लॅम्प आले. नायलॉनचं कापड मी स्वतः कापून काढलं. बादल्या बाजूला ठेवल्यात, कॅन सोमवारी येतील, तोवर ड्रममधून काढणं बंद. रिकाम्या ड्रमना बुचं घट्ट लावून उघड्यावर वेगळे ठेवलेत, ड्रमच साफ करणारे लोक नेणार आहेत. हात धुणारा कोण निघाला विचारू नका, मीच.

एक राहिलं. मिक्सरमध्ये रेझिनची पावडर आम्ही पोत्यातून ओततो, आत प्लॅस्टिकची पिशवी असते. शेवटी ती मिक्सरच्या तोंडावरच झटकतो. तिथेही हेच का?

जुना_ऑपरेटर

तिथे तर जास्तच. पावडर पिशवीवरून घसरतानाच भार चढतो, आणि खाली टोल्युइनची वाफ तोंड उघडून उभी. मिक्सरमध्ये आधी टोल्युइन जातं की रेझिन? आणि वर हवेच्या जागी नायट्रोजन भरता का? हे सांगा, मग सविस्तर लिहितो. तोवर पिशवी झटकणं बंद.