डीमनला मराठीत काय म्हणावं: दैत्य, जागल्या, राखणदार की देवचार?

फोंड्याहून:

लिनक्स या संगणकप्रणालीवरच्या मराठी लेखनात 'डीमन' शब्द आला की पंचाईत होते. भाषांतरयंत्रं सरळ 'दैत्य' किंवा 'राक्षस' देतात आणि वाक्य तयार होतं, 'छपाईचा दैत्य चालू नाही'. वस्तू तर साधी आहे. ज्याला खिडकी नाही, कीबोर्डाशी संबंध नाही, यंत्र चालू झाल्यापासून जो मागे जागा राहून कामाची वाट पाहतो, असा प्रोग्रॅम. ठरल्या वेळी कामं उरकणारा क्रॉनडी, दूरच्या यंत्रावरून येणाऱ्याला तपासून आत घेणारा एसएसएचडी, छपाईची रांग सांभाळणारा कप्सडी. नावाअखेरचा 'डी' म्हणजे हाच डीमन. अद्भुत कादंबऱ्यांच्या भाषांतरांतही याच उच्चाराचा शब्द भेटतो आणि तिथेही दैत्यच बसवलेला असतो. दोन्हीकडे चालेल असा शब्द आहे का?

डिचोलीहून:

दैत्य दोन्हीकडे चूक. दैत्य म्हणजे दितीची संतती, दानव म्हणजे दनूची. ही कुळं आहेत, जन्माने ठरलेली. अद्भुत कथेत रिंगण आखून, नाव घेऊन बोलावलेली आणि एका कामाला बांधलेली शक्ती असते, तिच्यासाठी कुळाचं नाव कसं चालेल? 'वश केलेलं पिशाच्च' किंवा 'वेताळ' अर्थाच्या जवळ जातात. संगणकातल्या डीमनमध्ये तर दुष्टपणाचा लवलेश नाही.

हा शब्द संगणकात आला १९६३ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीत, आयबीएम ७०९४ या यंत्रावर काम करणाऱ्या फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाकडून. फायलींच्या प्रती आपोआप टेपवर उतरवणारा प्रोग्रॅम हा त्यांचा पहिला डीमन. नाव घेतलं ते भौतिकशास्त्रातून. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एक कल्पना मांडली होती: दोन खोल्यांमधल्या झरोक्यापाशी बसलेला एक जीव वेगवान रेणू एका बाजूला सोडतो आणि मंद रेणू दुसऱ्या. त्याला 'डीमन' हे नाव पुढे विल्यम थॉमसन यांनी दिलं. म्हणजे मूळ चित्रच दारावर बसून न थकता निवड करणाऱ्याचं आहे. काही अक्षरांचं संक्षिप्त रूप म्हणून 'डीमन' झाला, असं जे सांगतात ते मागाहून जुळवलेलं आहे.

काणकोणहून:

मग शब्द शोधायला दूर कशाला जायचं? देवचार!

गोव्यात आणि वर सिंधुदुर्गात देवचार म्हणजे गावाच्या शिवेवर रात्री फिरणारा रक्षक. खांद्यावर कांबळ, हातात काठी आणि चूड. बहुतेक ठिकाणी त्याला देऊळ नसतं, झाडाच्या मुळाशी जागा असते, आणि वर्षाला राखण दिली जाते. दिसत नाही, पण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

माझा आग्रह मात्र शब्दाच्या इतिहासासाठी आहे. ग्रीक 'दाइमोन' मुळात देव आणि माणूस यांच्या मधली शक्ती होती, बरी किंवा वाईट. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर तोच शब्द सैतानाच्या बाजूला गेला. आपल्या देवचाराचं अगदी हेच झालं. हिंदू घरांत तो राखणारा आणि ख्रिस्ती कोंकणीत देंवचार म्हणजे सैतान. एकाच गावात एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ आजही नांदतात. दाइमोनला जे वळण लागलं तेच लागलेला दुसरा शब्द मराठीला मिळणार नाही. कादंबरीतही हाच शब्द काम करील, कारण पात्र चांगलं की वाईट हे वाचकाला लगेच कळू नये असं लेखकाला पुष्कळदा हवं असतं.

आणखी एक साम्य. बीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालीचं बोधचित्र म्हणजे हातात त्रिशूळ आणि पायांत बूट घातलेला छोटा डीमन. त्रिशूळ आहे तो 'फोर्क' म्हणजे चालू प्रोग्रॅमची प्रत काढणाऱ्या आज्ञेवरचा श्लेष, कारण इंग्रजीत फोर्क म्हणजे काटाही. आपल्याकडे गाव फिरून झिजतात म्हणून वेताळाला वहाणा वाहतात.

मडगावहून:

काणकोणवाल्यांचा इतिहास बिनतोड आहे, पण वापरात दोन अडचणी येतील.

पहिली, चालू प्रोग्रॅम थांबवायला वापरतात ती 'किल' ही आज्ञा. पुस्तिकेत 'देवचाराला मारा' असं छापणार का? अर्ध्या गोव्याला ते दुखेल. खरं तर अडचण 'किल'च्या भाषांतरातच आहे. ती आज्ञा मारत नाही, इशारा पाठवते. नुसती दिली तर १५ क्रमांकाचा इशारा जातो: आवरा आणि थांबा. १ क्रमांकाचा इशारा बहुतेक डीमन 'मांडणीची फाइल पुन्हा वाचा' असा घेतात. ९ क्रमांकाचा इशारा प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही, कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्याला थेट संपवतो. अर्धवट लिहिलेली फाइल आणि चालू प्रोग्रॅमचा क्रमांक नोंदवणारी जुनी पीआयडी फाइल तशीच मागे राहते, आणि पुढच्या वेळी 'आधीच चालू आहे' अशी खोटी तक्रार येऊ शकते. म्हणून 'इशारा द्या' हेच लिहावं, आणि ९ आधी १५ देऊन थोडं थांबावं.

दुसरी, 'राखणदार' हाही शब्द कुणीतरी सुचवेल. तो डीमनला देऊ नये. त्याचा अर्थ पहारा हा आहे आणि छपाईची रांग लावणं म्हणजे पहारा नव्हे. तो 'वॉचडॉग'साठी ठेवावा: ठरावीक वेळात खूण मिळाली नाही तर यंत्र किंवा सेवा पुन्हा सुरू करणारा.

पेडण्याहून:

'जागल्या'चा विचार करा. रात्री गावात जागणारा माणूस, जुना मराठी शब्द, कुणाच्या श्रद्धेला धक्का नाही. विंडोजच्या आणि फोनच्या वाचकाला तोच समजेल. विंडोजवर याला 'सर्व्हिस' म्हणतात. छपाई अडकली की प्रिंट स्पूलर हा जागल्या थांबवायचा, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरातला प्रिंटर्स हा फोल्डर रिकामा करायचा आणि जागल्या पुन्हा सुरू करायचा. आधी न थांबवता फायली पुसायला गेलं तर त्या वापरात असतात आणि पुसल्या जात नाहीत. अँड्रॉइडवर आवृत्ती ८ पासून मागे जागणाऱ्यांवर बंधनं आली. निरोप उशिरा येत असतील तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी असं जाऊन 'अनिर्बंध' निवडायचं. दोन-तीन अ‍ॅप्सनाच द्या, नाहीतर बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही.

त्याच ओघात 'झोंबी'. त्याला 'भूत' करू नका. झोंबी प्रक्रिया काही करत नाही, मेमरी खात नाही, प्रक्रियांच्या तक्त्यातली फक्त एक ओळ अडवते. तिचं काम संपलेलं असतं, पण निकाल वाचायला जन्मदाती प्रक्रिया आलेली नसते. याला नेमका शब्द 'प्रेत': मृत्यू आणि सपिंडी यांच्यामधली अवस्था. फरक एवढाच की इथे क्रिया पालकाने मुलाची करायची असते. म्हणून प्रेताला ९ चा इशारा देऊन उपयोग नाही, पालकाला द्यावा लागतो. पालक संपला की प्रेत १ क्रमांकाच्या प्रक्रियेकडे दत्तक जातं आणि ती क्रिया उरकते. जुन्या ३२,७६८ क्रमांकांच्या मर्यादेत अशी प्रेतं साचली तर नवीन प्रक्रियेला क्रमांक मिळेनासा होतो.

काणकोणहून:

प्रेत मान्य, एकदम चपखल. जागल्या मात्र पगारी माणूस आहे. त्याला घर असतं, डीमनला नसतं, आणि ही बाब फार महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीने डीमन तयार करताना मूळ प्रोग्रॅम फोर्क करून आपली प्रत सोडतो आणि स्वतः संपतो. प्रत सेटसिड या आज्ञेने टर्मिनलशी, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीशी, नातं तोडते, फोल्डर बदलून मुळाशी, म्हणजे सगळ्यांत वरच्या 'रूट' फोल्डरात, जाते आणि इनपुट, आउटपुट, त्रुटी हे तिन्ही प्रवाह डेव्ह-नलला, म्हणजे आलेलं सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलीला, जोडते. मुळाशी जायचं राहिलं तर ज्या डिस्कवर तो बसला ती अनमाउंट होत नाही, म्हणजे प्रणालीपासून सोडवता येत नाही, 'व्यस्त' असं उत्तर येतं. टर्मिनल तोडायचं राहिलं तर खिडकी बंद होताच तोही संपू शकतो. आता हे सगळं लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणारं सिस्टमडी करतं. सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या युनिट फाइलीत प्रकार 'सिंपल' ठेवून प्रोग्रॅमलाही फोर्क करू दिलं, तर मुख्य प्रक्रिया संपली असं धरून सिस्टमडी उरलेल्या प्रतीलाही बंद करतं. घर सोडून झाडाच्या मुळाशी बसणारा तो देवचार. जागल्यात हे येत नाही.

फोंड्याहून:

तर असं करतो. सर्वसाधारण वाचकासाठीच्या मजकुरात 'जागल्या', वॉचडॉगला 'राखणदार', झोंबीला 'प्रेत', 'किल'ला 'इशारा'. 'देवचार' अद्भुत कथांच्या भाषांतरासाठी, आणि प्रणालीच्या पुस्तिकेत जिथे डीमनचा जन्म समजावला आहे त्या एका प्रकरणात. पेडणेवाले, 'जागल्या'चं अनेकवचन कसं लिहायचं तेवढं सांगा. 'तीन जागले चालू आहेत' की 'तीन जागल्ये'?

पेडण्याहून:

'जागले'. 'तांब्या'चं अनेकवचन 'तांबे' होतं, त्याच चालीवर. आणि विभक्तीत 'जागल्याला', 'जागल्यांना'.