मदत हवी आहे : विंडोज ७ ची अपग्रेड डीव्हीडी कोऱ्या हार्ड डिस्कवर प्रॉडक्ट की घेत नाही

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचं काम पाहतो. इकडे लाइन सारखी येते-जाते, त्यात आमच्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. नवीन डिस्क बसवली, पण विंडोज ७ टाकताना गाडं अडलं आहे.

संगणक घेतला तेव्हा त्यात विंडोज एक्सपी होती. तिचं स्टिकर कॅबिनेटवर अजून आहे. पुढे सोसायटीनं रीतसर पावती घेऊन विंडोज ७ प्रोफेशनलची अपग्रेड पेटी आणली. त्यात ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन डीव्हीडी आहेत. ३२ बिटची लावली, सगळं सुरळीत बसलं, पण पेटीवरची प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक) टाकली की ०एक्ससी००४एफ०६१ ही एरर येते. ही की फक्त अपग्रेडसाठी आहे, नव्यानं टाकण्यासाठी नाही, असं सांगते. एक्सपीची अपग्रेड सीडी मध्येच जुन्या विंडोजची सीडी मागायची, ती दाखवली की पुढे जायची. इथं तसं काही विचारतच नाही.

विंडोज ११ का नाही, हे कोणी विचारेल म्हणून सांगतो. ती फक्त ६४ बिटमध्येच येते. सोसायटीच्या जुन्या खतावण्या डॉसच्या प्रोग्राममध्ये आहेत आणि तो ६४ बिटवर चालत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही त्याच संगणकाला आहे. नवीन कामाला वेगळा संगणक आहे, पण सभासदाच्या जुन्या कर्जावर वाद निघाला किंवा लेखापरीक्षकांनी मागितलं, तर कागद इथूनच काढावा लागतो.

तालुक्याला एका दुकानात ‘दुसरी कॉपी टाकून देतो’ म्हणाले. ते मला करायचं नाही. शेतकऱ्यांचे हिशेब आहेत, आणि परवाना आपल्याकडे खरा आहे. मग ह्याच डीव्हीडीनं रस्ता कसा काढायचा?

प्रतिसाद, अकोल्याहून

भाऊ, की चांगली आहे. डिस्क कोरी असल्यामुळे सेटअपला आधीची विंडोज दिसली नाही, एवढंच. तुमच्याकडे एक्सपीचा परवाना आहे, त्यामुळे हे केलं तर काही गैर नाही.

की न टाकता आता जी विंडोज ७ बसली आहे, ती तशीच राहू द्या. ती ३० दिवस चालते. ती सुरू करा, डेस्कटॉपवर आल्यावर डीव्हीडी घाला आणि तिथूनच सेटअप चालवा. ह्या वेळी कस्टम (म्हणजे नव्यानं टाकणं) नका निवडू, अपग्रेड निवडा. म्हणजे विंडोज ७ वरच विंडोज ७ बसेल. आता की मागेल तेव्हा पेटीवरची टाका, घेईल. डीव्हीडीवरून संगणक सुरू (बूट) केला तर अपग्रेडचा रस्ता बंदच असतो, म्हणून आतूनच सुरू करायचं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) मीडियाबूटइन्स्टॉलची किंमत १ ची ० करायचाही एक उपाय आहे, पण हिशेबाच्या संगणकावर मी रजिस्ट्रीला हात लावत नाही.

यूपीएस लावल्याशिवाय बसू नका. मध्येच लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

प्रतिसाद, वर्ध्याहून

दादा, जुन्या डिस्कमधून काही काढायचं आहे का? टकटक आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, तेवढ्यानं उरलेलंही जातं. आणि ज्यांची जुनी एक्सपी अजून उघडते त्यांनी डिस्क फॉरमॅट करू नये. एक्सपीतूनच सेटअप सुरू करून कस्टम निवडलं, तर की अडत नाही आणि जुन्या फायली विंडोज.ओल्ड ह्या फोल्डरमध्ये राहतात. प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावे लागतात.

धागाकर्ता

अकोल्याच्या भाऊंनी सांगितलं तसंच केलं. दुसऱ्या वेळी की घेतली, अॅक्टिव्हेशनही झालं. खतावण्यांची प्रत पेनड्राइव्हवर होती, त्यामुळे जुन्या डिस्कला हात लावला नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे, म्हणून अॅक्टिव्हेशन झाल्याबरोबर इंटरनेटची वायर काढून ठेवली. दोघांचेही मनापासून आभार.

आता फक्त प्रिंटर राहिला. एलपीटी पोर्ट (जुन्या प्रिंटरची वायर लावायचा पॅरलल पोर्ट) डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतच नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद असेल का?

प्रतिसाद, अकोल्याहून

हो, आधी तिथंच पाहा. पॅरलल पोर्ट एनेबल करा, मोड ईसीपी ठेवा.