पेरेंट-चाइल्डचं दुतर्फी बोलणं: दोन पाइप की एक सॉकेटपेअर?

धागाकर्ता
फोर्कनंतर (चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, प्रत काढली की मूळ ती पेरेंट, प्रत ती चाइल्ड) या दोन प्रोसेसना एकमेकांशी बोलायचं असलं की अजूनही बहुतेक कोडमध्ये दोन पाइप दिसतात. पॉझिक्स या युनिक्स-मानकातला पाइप, म्हणजे एका टोकाला लिहिलेलं दुसऱ्या टोकाला वाचायला देणारी नळी, एकेरी, म्हणून दोन. म्हणजे चार डिस्क्रिप्टर (उघड्या टोकांचे क्रमांक), त्यातले दोन-दोन प्रत्येक बाजूने बंद करायचे. माझ्याकडून एकदा एक राहून गेला. चाइल्ड कधीच संपलं होतं, पेरेंट मात्र रीडवर अडकून. लिहायच्या टोकाची प्रत त्याच्याकडेच उघडी, मग एंड ऑफ फाइल (डेटा संपल्याची खूण) येणार कुठून? सॉकेटपेअर एका कॉलमध्ये एकमेकांना जोडलेली, दोन्हीकडून लिहिता-वाचता येणारी दोन सॉकेट हातात देतो. सॉकेट जोडायच्या नेहमीच्या पायऱ्या, बाइंड, लिसन, कनेक्ट, काही नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासून आहे. नवीन कोडमध्ये तोच वापरावा, असं माझं ठाम मत.

प्रतिसाद १
असहमत. सॉकेटपेअरचं नको असलेलं टोक उघडं ठेवलंत तरी असंच अडकाल. शिवाय चाइल्डमध्ये ओळी क्रमाने लावणारा सॉर्ट चालवून बघा. इनपुट संपल्याशिवाय तो एक ओळही देत नाही. पाइप असेल तर लिहायचं टोक बंद केलं की झालं. सॉकेट बंद केलात तर उत्तर वाचणार कशातून?

धागाकर्ता
त्यासाठी शटडाउन हा कॉल आहे. फक्त लिहिण्याची दिशा बंद होते, वाचन चालू राहतं. आणि त्या टोकाची प्रत दुसऱ्या प्रोसेसमध्ये राहिली असली तरी समोरच्याला एंड ऑफ फाइल मिळतोच, कारण शटडाउन डिस्क्रिप्टरवर नाही, सॉकेटवर लागू होतो. क्लोजने हे होत नाही.

प्रतिसाद २
दोघेही मुख्य गोष्ट सोडताय. दोन्ही बाजू न वाचता लिहीतच राहिल्या, तर बफर (वाचेपर्यंत डेटा साठवणारी जागा) भरून दोन्हीकडे डेडलॉक होतो, दोघेही एकमेकांसाठी थांबून. लिनक्सवर पाइपचा बफर एरवी ६४ केबीचा. तिथे पोलच हवा, म्हणजे कुठे आत्ता लिहिता-वाचता येईल ते विचारणारा कॉल. सॉकेटपेअरचा खरा फायदा वेगळा: सीक्वपॅकेट प्रकारचं सॉकेट घेतलं की एक सेंड म्हणजे एक मेसेज, लांबी आधी लिहून पाठवायची कटकट संपते. आणि उघडी फाइल डिस्क्रिप्टरसकट दुसऱ्या प्रोसेसला देता येते. लिनक्सच्या पाइपला हे जमत नाही.

प्रतिसाद १
शटडाउनचा मुद्दा मान्य, डिस्क्रिप्टर पाठवण्याचाही. दोन्ही बाजू आपल्याच कोडच्या असतील तर सॉकेटपेअर घ्या. पण एक्झेक करून, म्हणजे चाइल्डच्या जागी, परका प्रोग्राम चालवणार असाल तर मी पाइपच देईन. लिनक्सवर स्टँडर्ड इनपुटला सॉकेट जोडलेलं असताना प्रोग्रामने ते /डेव्ह/एसटीडीइन या फाइलसारख्या नावाने उघडायला घेतलं, तर ओपन फसतो. पाइप असेल तर उघडतो. परका प्रोग्राम इनपुट कसं उघडेल, ते आपल्या हातात नाही.