ओट्सने शुगर खरंच कमी वाढते का?

पोह्यांऐवजी आठवडाभर मसाला ओट्स खातेय, तरी दोन तासांनी शुगर तेवढीच येतेय आणि वर पोट फुगतं ते वेगळंच, काय चुकतंय?

> अगं ते पाकिटातले इन्स्टंट, बारीक केलेले, पटकन पचतात. जाड रोल्ड ओट्स घे. त्यातलं बीटा-ग्लुकन (एक प्रकारचं फायबर) पोटात चिकट जेलसारखं होतं म्हणून साखर रक्तात हळूहळू उतरते, पण ४० ग्रॅममध्ये ते दीड-दोन ग्रॅमच असतं, त्यामुळे चमत्कार नाही हां.

> गॅस सुरुवातीला होतोच, आतड्यातले बॅक्टेरिया फायबर आंबवतात ना. दोन चमच्यांपासून वाढव, पाणी भरपूर पी.

> मी ताकात भिजवून दाण्याचं कूट घालून खातो. चव खळीसारखी चिकट लागते ती लागतेच 😄