माणगावला वादळाची कसली भीती म्हणणाऱ्यांसाठी

काळकाठी:
काल इथे एकाने लिहिलं, "समुद्र डोंगरापलीकडे, माणगावात चक्रीवादळाची तयारी म्हणजे पैशांची नासाडी." वाचून रात्रभर डोकं तडतडलं. 3 जून 2020 विसरलात? निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ धडकलं, वारा ताशी 100-110 किलोमीटर, आणि त्याच दुपारी आमचे पत्रे शेतात. मध्येच वारा पडला. आई म्हणाली, "गेलं एकदाचं," आणि शेजारी बघायला निघाली. ओटीवरून उतरते तोच उलट्या दिशेने सुटला. केंद्र जवळून जाताना वारा फिरतो, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं होतं?

डोंगरापल्याड:
ते मीच लिहिलं, आणि त्यावर ठाम आहे. जमिनीवर आलं की वादळाला वाफ मिळत नाही, ते मरतं. लाटा आत येत नाहीत. वादळात माणसं हलवायचे निवारे आधी किनाऱ्याला द्या.

मावळातून:
मरतं, पण लगेच नाही. त्याच दिवशी घाट चढून आलं. पुणे जिल्ह्यात माणसं दगावली, आमच्याकडची पॉलीहाऊस फाटली.

रोठा सुपारी:
निवारे राहू द्या, भरपाईचं बोला! बागांना तेव्हा हेक्टरी 50,000 दिले. माझी वाडी 6 गुंठे. म्हणजे 3,000 रुपये. आडवी झाडं उचलायची मजुरीसुद्धा त्यात भागली नाही.

डोंगरापल्याड:
नंतर झाडामागे दिले की. सुपारीला 50, नारळाला 250.

रोठा सुपारी:
50 रुपयांत रोप येतं हो, वाढलेलं झाड येत नाही! आजोबांनी लावलेली बाग होती ती. तुमची किती झाडं पडली ते सांगा, मग हिशेब शिकवा.

डोंगरापल्याड:
एकही नाही. पण वडील मधुमेही. कित्येक दिवस वीज नव्हती, इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं.

काळकाठी:
मग तयारी म्हणजे दुसरं काय सांगतोय मी? मे महिन्यात तारांवरच्या फांद्या तोडा. पत्र्यांचे हूक तपासा. दवाखान्यात जनरेटर आणि डिझेल ठेवा. निवारा मागितलाय कुणी?

डोंगरापल्याड:
फांद्या आणि जनरेटर मान्य. निवाऱ्याला विरोध कायम.

रोठा सुपारी:
आणि माझ्या 6 गुंठ्यांचं?