एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डावर की सीपीयूवर? विषय संपलेला नाही

रात्रपाळी:
आज एक पोस्ट वाचली. म्हणे, आता सीपीयूवर एन्कोड करणं (व्हिडिओ दाबून लहान करणं) म्हणजे वेळ आणि वीज वाया घालवणं, एनव्हिडियाच्या कार्डातलं एनव्हेंक आणि सीपीयूवर चालणारं एक्स२६४ यांत काही फरक उरलेला नाही, विषय संपला. लाइव्हपुरतं हे चालेल. पण त्याच पोस्टखाली लोक घरच्या जुन्या टेपा आणि कार्यक्रमांच्या मास्टर फाइली एनव्हेंकवर लहान करून मूळ फाइल उडवायला निघालेत, म्हणून लिहितोय.

हार्डवेअर एन्कोडर हा कार्डावरचा वेगळा, ठरावीक कामापुरता भाग असतो. त्याला फ्रेम वेळेत बाहेर काढायची असते, म्हणून तो मोजकेच पर्याय तपासतो. एक्स२६४ चा 'स्लो' प्रीसेट (तयार सेटिंग) त्याच फ्रेमवर कितीतरी जास्त वेळ घालवतो. एका स्टेज कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी दोन्ही पद्धतींनी, जवळपास सारख्याच साइजला करून पाहिलं. निळ्या प्रकाशात धूर पसरतो तिथे हार्डवेअरच्या फाइलमध्ये धुराचे चौकोन पडले होते आणि मागच्या काळ्या पडद्यावर पट्टे उठले होते. ज्याला हे दिसत नाही त्याने मॉनिटरचा ब्राइटनेस तपासावा.

फ्रेमड्रॉप:
कार्ड कुठल्या पिढीचं, ते सोयीस्कर गाळलंत. २०१२ च्या केप्लर पिढीतलं एनव्हेंक वाईटच होतं, त्याबद्दल वाद नाही. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून चित्र बदललं. आणि ट्युरिंगच्याच जीटीएक्स १६५० कार्डाच्या पहिल्या आवृत्तीत एन्कोडर जुना, आधीच्या व्होल्टा पिढीचाच होता. ती घेऊन लोक आजही ट्युरिंगला नावं ठेवतात.

तुमचा 'स्लो' लाइव्हमध्ये चालवून दाखवा. गेम आणि एन्कोडिंग एकाच सीपीयूवर असेल तर 'व्हेरीफास्ट'पेक्षा संथ प्रीसेट घेताच दम लागतो, आणि 'व्हेरीफास्ट'पेक्षा आताचं एनव्हेंक सरळ चांगलं दिसतं. मी सीपीयूवर स्ट्रीम करायचो तेव्हा ऐन सामन्यात 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' झळकायचं आणि बघणाऱ्यांना एकेक फोटो सरकल्यासारखं दिसायचं. कागदावरची क्वालिटी तेव्हा कुणाच्या कामाची?

तिसरा_कॅमेरा:
क्वालिटीवर भांडताय, पण सेशनच्या मर्यादेवर कुणी बोलत नाही. एनव्हिडियाच्या घरगुती जीफोर्स कार्डांवर एका वेळी किती एन्कोड चालवायचे हे ड्रायव्हर ठरवतो. आधी दोन, २०२० मध्ये तीन, २०२३ मध्ये पाच, २०२४ मध्ये आठ. कार्ड तेच, फक्त ड्रायव्हर बदलला! म्हणजे ताकद पहिल्यापासून होती आणि मुद्दाम अडवून ठेवली होती. चार कॅमेऱ्यांचं वेगवेगळं रेकॉर्डिंग आणि वर लाइव्ह फीड, असं काम करणाऱ्याने इतकी वर्षं काय करायचं होतं?

फ्रेमड्रॉप:
वर्कस्टेशनचं कार्ड घ्यायचं. त्यासाठीच ती असतात. स्ट्रीम करणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना दोनच्या वर सेशन लागतच नाहीत.

तिसरा_कॅमेरा:
तुम्हाला लागत नाही म्हणून दुसऱ्याला अडवलेलं चालतं का? विकत घेतलेल्या वस्तूतला चालू भाग बंद करून तोच पुन्हा जास्त पैशांत विकायचा, आणि ग्राहकानेच त्याची वकिली करायची! लोकांनी अनधिकृत पॅच काढला आणि तीच कार्डं कितीतरी जास्त एन्कोड चालवू लागली. हार्डवेअरची अडचण असती तर पॅचने सुटली असती का?

फ्रेमड्रॉप:
वकिली कोण करतंय? बाजार कसा चालतो ते सांगितलं. दर वेळी हाच विषय काढून धागा पळवू नका.

लाल_संघ:
इथे एनव्हेंक सोडून दुसरं काही अस्तित्वातच नाही का? इंटेलचा हार्डवेअर एन्कोडर, क्विक सिंक, २०११ पासून आहे. एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर एन्कोडिंग घरगुती कार्डावर पहिल्यांदा आणलं तेही इंटेलच्या आर्कने. एएमडीच्या नव्या कार्डांवर एच.२६४ फॉरमॅटला बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बांधलेल्या फ्रेम) मिळायला मात्र २०२२ उजाडलं, आणि त्याच वर्षीच्या आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये एन्कोडरच नाही. सेशनवर रडणाऱ्यांनी हेही बघावं.

तिसरा_कॅमेरा:
रडणं नव्हे. एन्कोडर नसेल तर आधी माहिती काढून ते कार्ड टाळता येतं. असलेला अडवला असेल तर ऐन कामाच्या वेळी कळतं. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

जुनी_टेप:
मूळ मुद्द्यावर येते. वडिलांच्या कॅमेऱ्यातल्या टेपा मी स्वतः डिजिटल केल्या. त्या चित्रात सगळीकडे बारीक दाणे असतात. हार्डवेअर एन्कोडरने ते पुसून चेहरे मेणासारखे केले. बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) वाढवून ते वाचतात, पण मग फाइल लहान करण्यात अर्थ काय? शेवटी एक्स२६४ ला 'ट्यून ग्रेन' ही दाणे जपणारी सेटिंग देऊन रात्रभर मशीन चालू ठेवलं आणि काम झालं. आणि कृपा करून एक्स२६४ चा सीआरएफ २० आणि एनव्हेंकचा सीक्यू २० हे क्वालिटीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. आकडा सारखा असला तरी मोजपट्टी वेगळी आहे.

फ्रेमड्रॉप:
टेपांसाठी सीपीयू वापरा, माझं काही जात नाही. पण व्हीमॅफचे (चित्राची क्वालिटी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचे) आकडे बघा, दोन्ही अगदी जवळ येतात.

रात्रपाळी:
सरासरी बघताय. तासाभराच्या व्हिडिओत वीस सेकंदांचा अंधारा प्रसंग सरासरीत बुडून जातो, आणि डोळ्याला खुपतो तोच. सगळ्यात वाईट फ्रेमांचे आकडे काढा, मग बोलू. लाइव्हला एनव्हेंक बरं, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, तेवढं वाचून भांडला असतात तर बरं झालं असतं.

फ्रेमड्रॉप:
वाचलं होतं. अंधाऱ्या प्रसंगांपुरतं तुमचं धरून चालतो, त्यापुढे नाही. आणि महागडं कार्ड घेतलं की एन्कोडिंग सुधारतं असं इथे कुणी सांगू नये. एकाच पिढीत बहुतेक तोच एन्कोडर असतो. आरटीएक्स ४०७० टीआयपासून वर दोन बसवलेत, त्याने वेग वाढतो, चित्र नाही.

तिसरा_कॅमेरा:
दोन-दोन एन्कोडर बसवलेत आणि वर पुन्हा सेशन मोजताहेत. मर्यादा तरी का? याचं उत्तर अजून एकानेही दिलेलं नाही.